सरकीसचं नाव

माझे थोरले दीर सरकीस खाणीत कडा कोसळून वारले, तेव्हा मी पहिलटकरीण होते. आमच्या खाणीतला चुनखडीचा दगड पातळ पापुद्र्यांनी उलगडतो, आणि एखाद्या पापुद्र्यावर दगड झालेला अख्खा मासा निघतो, काट्याकल्ल्यांसकट. असा मासा न मोडता काढण्यात भावोजींचा हात चांगला होता. मामंजींनी त्यांना स्वतः ढिगाऱ्यातून काढलं आणि त्यानंतर खाण बंद केली.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, त्यानंतर नजला सवाया आल्या. त्या बैरूतच्या कॉलेजात शिकवायच्या आणि दगडांतल्या माशांचा अभ्यास करायच्या. भावोजींनी काढलेला एक मासा त्यांच्याकडे होता. पाठभर काटे असलेला. तसा मासा आजवर कोणी नोंदवलेला नव्हता, त्यामुळे त्याचं नाव ठेवायचा मान त्यांचा होता.

"तुमची हरकत नसेल तर त्याला सरकीसचं नाव द्यावं म्हणते," त्या म्हणाल्या.

सासूबाई कॉफी ओतत होत्या. "कोणाला?"

"त्या माशाला."

"मेलेल्या?"

"फार जुना आहे, आई. माणूसच नव्हता तेव्हाचा."

"म्हणजे मेलेलाच." सासूबाईंनी किटली खाली ठेवली. "बाई, हिच्या पोटात माझा नातू आहे. ते नाव त्याचं. हाक मारली की वळून बघेल असा कोणीतरी हवा मला. आणि तुम्ही ते नाव दगडाला देणार?"

"एकदा विचार करा. छापून आलं की ते नाव कोणाला बदलता येत नाही. मलासुद्धा नाही. म्हणून आधी विचारायला आले."

"मग तर नकोच."

मामंजी दाराशी बसून होते. नजलाबाईंनी वाद घातला नाही. कॉफी संपवून त्या गेल्या, आणि माशाला त्याच्या काट्यांवरून नाव ठेवलं, असं पुढे कळलं.

त्यानंतर गावात मला जो भेटेल तो विचारायचा, "काय म्हणतोय आमचा सरकीस?" मी म्हणायची, "लाथा मारतोय." एकदा नवरा, तन्नूस, तसंच विचारायला लागला तेव्हा मात्र मी त्याला म्हटलं, "मुलगी झाली तर?" तो अंगणात निघून गेला.

जैतुनाची झाडं झोडून फळं उतरवायच्या दिवसांत मला मुलगी झाली. सुईणीच्या गप्प राहण्यावरूनच मी ओळखलं. फार रक्त गेलं. खाली किनाऱ्यावरच्या जबैल शहरातून आलेला डॉक्टर तन्नूसला म्हणाला, "आता पुन्हा नाही. बायको हवी असेल तर पुन्हा नाही."

सासूबाईंनी बाळंतपणाची मसालेदार खीर रांधली, मला स्वतः भरवली. एक वावगा शब्द बोलल्या नाहीत. पण मुलीचं नाव काय ठेवायचं, हा विषय घरात कोणी काढला नाही.

मी हिंडूफिरू लागल्यावर एका सकाळी त्या काळी ओढणी घेऊन उभ्या राहिल्या. "मला बैरूतला न्या." मग त्या, तन्नूस, मी आणि बाळ बसने निघालो.

नजलाबाईंच्या खोलीत टेबलांवर दगडच दगड होते. सासूबाई बसल्यासुद्धा नाहीत. "द्या त्याचं नाव माशाला."

नजलाबाई सावकाश उठल्या. "आई, छापून आलं ते. गेल्याच महिन्यात."

"खोडा."

"नाही खोडता येत."

"हो. तुम्ही बोलला होतात." सासूबाई म्हणाल्या. "मीच नको म्हटलं."

"तुम्हाला नातू हवा होता. त्यात काय चुकलं?"

सासूबाईंनी मासा बघायला मागितला. नजलाबाईंनी तो असलेली दगडाची लादी खिडकीजवळ आणली. सासूबाईंनी बराच वेळ तिच्यावर हात फिरवला. कोपऱ्यात त्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. "हे काय?"

"कोळंबी. तीही नवीनच आहे, अजून बिननावाची. पण नखाएवढी, शेपूट अर्धी तुटलेली. सरकीससाठी हे कसं सुचवायचं, म्हणून बोलले नाही."

"कोळंबी," सासूबाई म्हणाल्या. "त्याला वास सहन व्हायचा नाही तिचा. जबैलच्या बंदरावर कोणी खात असलं तरी उठून जायचा." आणि त्या हसल्या. भावोजी गेल्यावर पहिल्यांदाच. हसता हसता त्यांना रडू फुटलं. तन्नूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"तिलाच द्या त्याचं नाव," त्या म्हणाल्या. "चिडेल तो. चिडू दे."

परतीच्या बसमध्ये बाळ रडायला लागलं. सासूबाईंनी ते माझ्याकडून घेतलं.

"हिचं काय ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"नको गं. तूच सांग. मी आता कोणाला नावं सांगत नाही."

मी रफ्का म्हटलं. त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवून पाहिलं आणि मान डोलावली.

कोळंबीचं नाव पुढच्या उन्हाळ्यात छापून आलं. नजलाबाईंनी घरी येऊन वाचून दाखवलं. भावोजींचं नाव, शेवटी लॅटिनची शेपटी जोडलेली. मामंजींनी ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.