माझ्या क्लचला बांधलेला नवस

मी ओल्मेदोची मोटारसायकल बोलतेय. सगळे बोलून थकले, आता माझं ऐका.

जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं या डोंगरात. दोन्ही कुशींना दुधाच्या किटल्या, मागे ओल्मेदोची बायको देयानिरा आणि समोर उभा चढ. वर चौकात दूधगाडी थांबते. मी कधी कुरकुरले नाही.

मग आला कार्मेनमातेचा सण. चाकावर पोट भरणाऱ्या सगळ्यांची ती आई. पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं, मंतरलेली फीत दिली. ओल्मेदोने ती बांधावी कुठे? आरशाला? छे! क्लचची दांडी आणि मूठ एकत्र आवळून गाठीवर गाठ मारली. वर नवस, पुढच्या सणापर्यंत सोडायची नाही!

दांडी कायम बोटभर दाबलेली. मग आत क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरणार कशा? रेस दिली की इंजिन बोंबलतं, चाक ढिम्म. जळका वास सुटतो. याहून स्पष्ट मी काय बोलू?

अर्नुल्फो मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. क्लचकडे हात नेला तर ओल्मेदो खेकसला, "फितीला हात लावायचा नाही!" अर्नुल्फोने छातीवर क्रुसाची खूण केली. "मग पेट्रोलातच भेसळ असणार." अरे शहाण्या!

दोनदा दूध चढावरच नासलं. गाडीवाल्याने बजावलं, "आता चुकलात तर तुमचं दूध कायमचं बंद."

आणि आज पुन्हा तेच. वरून हॉर्न वाजतोय, मी नुसती कोकलतेय. देयानिरा उतरून मागून ढकलतेय.

"अहो, रेस देताय की गंमत बघताय?"

"पुरती दिलीय! मातेला हाक मार."

"घसा बसला माझा! गाडी ओरडतेय पण चालत नाही, म्हणजे पकडच सुटलीय. ती दांडी बघा की, अर्धी दाबलेली!"

"फीत सोडली तर कोपेल ती."

"आई आहे ती, सासू नाही. कोपलीच तर माझ्यावर कोपू दे."

तिने फीत दातांनी तोडली. दांडी सटकन बाहेर आली, आत पकड बसली आणि मी अशी उसळले की ओल्मेदो पडता पडता वाचला. आम्ही चौकात पोचलो तोवर दूधगाडी निघाली होती. त्याने मला थेट तिच्या पुढ्यात आडवं घातलं. गाडीवाल्याने आईबहीण काढली, पण दूध घेतलं.

माझ्या प्लेटा अर्ध्या जळाल्यात, त्या बदला रे कुणीतरी. इंजिन ओरडलं आणि चाक फिरलं नाही, तर आधी क्लच बघत जा, आभाळ नंतर.

ओल्मेदो आता चौकात सगळ्यांना सांगतोय, मातेने चढावर चमत्कार केला. देयानिरा बाजूला उभी राहून दातांत अडकलेला दोरा काढतेय.