हिरव्या पडद्याची साक्ष कुणी घेतली नाही

मी पडदा बोलतोय. हिरवा, जाड सुती, वर पितळी कड्या. इंदूरच्या कोर्टात लहान मुलांची साक्ष ज्या खोलीत घेतात, तिथे मी टांगलेला असतो. माझ्या एका बाजूला मूल बसतं, दुसऱ्या बाजूला आरोपी. मुलाला तो दिसू नये, एवढंच माझं काम. येणारेजाणारे म्हणतात, "वा, छान सोय केलीय." सोय! या शब्दाचा मला आता रागच येतो.

माझा जन्म कोर्टासाठी झाला नव्हता. कपडा मार्केटमधून माझं कापड आणलं ते एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी. अरविंद टेलरने व्हरांड्यातच मशीन मांडून मला शिवलं. शिवताना पोरांवर ओरडत होता, "पाँव मत रखो भिया, नया कपडा है!"

स्टेजवरचे दिवस मजेचे होते. मी सरकलो की टाळ्या पडायच्या. माझ्याआड छोटे मावळे मिशा सांभाळत उभे राहायचे आणि ऐनवेळी एखाद्याला हमखास शू लागायची.

नाटक बसवायचे हृषीकेश सर. बोलणं मधाळ, पालकांचे लाडके. "सर म्हणजे आपल्या घरचेच," असं आया म्हणायच्या. तालीम संपली की एखाद्या मुलीला ते थांबवून घ्यायचे. हिचे संवाद कच्चे आहेत, म्हणायचे. एका वर्षी तिसरीतल्या एका मुलीला थांबवलं. तिचं खरं नाव सांगायला कायद्याची मनाई आहे, आणि कायद्याने तिच्यासाठी धड पाळलेली गोष्ट तेवढी एकच. मी तिला पलक म्हणतो.

माझ्यामागे काय झालं ते मी सांगणार नाही. तिने माझी कड मुठीत धरली होती. ती सुटून पळाली तेव्हा मी खालून टरकन फाटलो. एवढं पुरे.

पलकने आईला सांगितलं. आई, अमिता, दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिका चारुलताबाईंकडे आली. ऑफिसात क्लार्क होते म्हणून बाई तिला माझ्यासमोरच्या हॉलमध्ये घेऊन आल्या. ऐकताना त्या रडल्यासुद्धा. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे बघ अमिता, लडकी का मामला आहे. बात बाहेर गेली तर लोक हिलाच बोट दाखवतील. आम्ही सरांना काढतो ना, भरोसा ठेव."

काढलं, पण कसं? शाल आणि श्रीफळ देऊन! तब्येतीमुळे सर चालले, असं जाहीर झालं. माझ्याच पुढे खुर्ची मांडून सत्कार झाला आणि मुलांना पेढे वाटले. पलकच्या हातावरसुद्धा पेढा ठेवला. तो हातात धरून ती तशीच घरी गेली, आणि तो पेढा बघून अमिता तडक पोलीस ठाण्यात गेली.

पोलीस शाळेत पोचेपर्यंत स्टेजमागच्या खोलीला नवा रंग लागला होता. स्टेजवर मरून रंगाचा मखमली पडदा आला होता. मी स्टोअरमध्ये गुंडाळून पडलो होतो. मला कुणी विचारलं नाही.

तिकडे कोर्टात मुलांच्या खोलीसाठी पडदा हवा होता. वरून मंजुरी येत नव्हती. कोर्टातल्या सामानाचं बघणारे सुधाकरजी आपल्या काटकसरी स्वभावाला धरून म्हणाले, "नया कशाला? आमच्या बिटियाच्या शाळेत जुना पडला आहे, घेऊन येतो." शाळेने आनंदाने दिला. सुधाकरजींच्या बायकोने, सुलोचनाने, माझी फाटकी कड शिवली. घरात हिरवा दोरा नव्हता म्हणून पिवळ्याने शिवली. मी कुठून आलो ते कोर्टात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

मग तारखा सुरू झाल्या. कधी वकील आजारी, कधी संप, कधी जजसाहेबांची बदली. अमिता सुट्टी काढून विजय नगरहून लेकीला घेऊन यायची आणि डब्यातले पोहे तसेच परत न्यायची. पलक पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीत बसल्यावर तिचे पाय लोंबकळत होते. साक्षीची वेळ आली तेव्हा पाय फरशीला टेकले होते.

पलकने पोलिसांना फाटलेल्या हिरव्या पडद्याचं सांगितलं होतं. तोवर शाळेने लिहून दिलं होतं की आमच्या स्टेजला हिरवा पडदा कधी नव्हताच. संमेलनाचे फोटो? ते कित्येक पालकांच्या फोनमध्ये होते. अमिता मागायला गेली तर सगळ्यांचे डिलीट झालेले. त्यांची मुलं अजून त्याच शाळेत होती ना!

जज मॅडम मनाने चांगल्या होत्या, हे सांगायला हवं. अशा खटल्यात वकील मुलाला थेट विचारत नाहीत, म्हणून सरांच्या वकिलाचा प्रश्न त्यांनीच हळुवारपणे विचारला, "बेटा, स्टेज का पर्दा कैसा था?"

"हरा. मैंने पकडा था, तो नीचे से फट गया."

"स्कूलवाले तो कहते हैं, मरून था."

पलकने मान खाली घातली. तिची नजर माझ्या कडेवर गेली. ती उठली, माझी कड पुन्हा मुठीत धरली आणि आईकडे वळून ओरडली, "आई, हाच आहे गं तो पडदा! बघ ना, इथे फाटला होता!"

मला वाटलं, झालं. आता सगळं उलगडणार.

"बेटा, ये तो कोर्ट का पर्दा है. घबराओ मत," मॅडम म्हणाल्या.

अमिता बोलायला उठली, तर सरकारी वकिलानेच तिला दाबलं, "आप बैठिए. सिखाया हुआ लगेगा." सरांचा वकील हसून म्हणाला, "मॅडम, मैं यही तो कह रहा हूँ. बच्ची जो सामने देखती है, कहानी में जोड लेती है." ते तसंच टाइप झालं.

पलीकडे सर टक लावून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला ओळखलं होतं. दारात पाण्याचा ग्लास घेऊन सुधाकरजी उभे होते. त्यांनी पिवळा दोरा बघितला, पलकची मूठ बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम..." ते म्हणाले.

"हाँ, बोलिए?"

"पानी, मॅडम."

बिटिया त्या वर्षी दहावीला होती. शाळा तीच.

सर निर्दोष सुटले. संशयाचा फायदा, असं त्याला म्हणतात. निकालाच्या दिवशी पलक आली नाही. अमिता एकटीच होती. बाहेर पडताना ती माझ्यापाशी थांबली, कडेवरून हात फिरवला आणि गेली.

नंतर जेवणाच्या सुट्टीत सुधाकरजी कात्री घेऊन आले. पिवळ्या टाक्यांसकट माझी खालची पट्टी त्यांनी कापून काढली. "माफ कर, पोरी," असं पुटपुटले. ती पोरगी तिथे नव्हती, मी होतो.

आता माझ्यावर कसलीच खूण नाही. मला जीभ असती तर मी एवढंच म्हटलं असतं, की मूल "हाच तो" म्हणालं तर लगेच पाणी पुढे करू नका. आधी विचारा, हा पडदा आणला कुठून? पण माझं कोण ऐकणार?

पट्टी गेल्यापासून मी जमिनीपर्यंत पोचत नाही. काल हातोदकडची एक छोटी मुलगी साक्षीला आली होती. पलीकडच्या माणसाला तिच्या चपला दिसत होत्या. तिच्या ते लक्षात आलं, आणि तिने पाय हळूच खुर्चीवर ओढून घेतले.