सुपारी फोडणारा नादकाटा

मी एक जुना नादकाटा आहे. मित्रांनो, दोन पोलादी भुजा आणि एक दांडी, एवढंच माझं शरीर. कारखान्यात कानस मारून माझा सूर नेमका जुळवला आणि माझ्याच सुराच्या जुळ्या भावासोबत मला देवरीच्या एका शाळेत पाठवलं.

तिथे चेतनाबाई विज्ञान शिकवायच्या. त्या मला रबरावर आपटून पोकळ लाकडी पेटीवर टेकवायच्या, की दूरच्या पेटीवरचा माझा भाऊ कुणी न शिवता गुणगुणू लागायचा. बाई म्हणायच्या, "सूर्यही असाच थरथरत असतो. मडकं वाजवून पारखतात ना, तसं त्या थरथरीवरून त्याच्या पोटात काय आहे ते शास्त्रज्ञ ओळखतात." तेव्हा मला फार मोठं वाटायचं.

बाई निवृत्त झाल्या. मग प्रयोगशाळेतला शिपाई शालीकराम तंबाखू-चुना घालून घोटायच्या खर्र्यासाठी माझ्याने सुपारी फोडू लागला. चुना, तंबाखू, त्याची थुंकी लागलेली बोटं. भुजांमध्ये तपकिरी लगदा वाळून बसला. फरशीवर आपटून एका टोकाचा कपचा उडाला. मला माझ्याच अंगाची शिसारी येई. मुख्याध्यापक टेकचंद सर हे बघायचे आणि चिमूटभर खर्रा मागून घ्यायचे.

मागच्या वर्षी नववीतल्या मोनालीने विज्ञान प्रदर्शनासाठी मला उचललं आणि नाक दाबलं.

"काका, याच्यानं सुपारी काऊन फोडून राहिले तुम्ही?"

"लोखंडच त होय. धुतलं का झालं," शालीकराम म्हणाला.

तिने गरम पाण्याने मला तीनदा घासलं. पण कपचा उडाल्याने भुजा हलकी होऊन माझा सूर चढला होता. भाऊ गप्पच राहिला. चार दिवस ती तुटक्या भुजेला मेणाचा कण लावून बघत होती. कधी जास्त व्हायचा, कधी कमी. पाचव्या दिवशी भाऊ गुणगुणला. मोनाली खाली बसून रडली.

प्रदर्शनात तिने आम्हा भावांना गुणगुणायला लावून सूर्याची थरथर नीट समजावून दाखवली. परीक्षकांनी विचारलं, "हे मेण कशाला?"

"शाळेत याच्यानं खर्र्याची सुपारी फोडत होते, सर. टोक तुटलं."

टेकचंद सर नंतर तिच्यावर खेकसले, "असं चारचौघांत सांगायचं असते का?"

"खरं होतं त सांगतलं," ती म्हणाली.

बक्षीस मिळालं नाही. पण मी पुन्हा शालीकरामच्या हाती पडू नये म्हणून आता मला ठेवतात त्या कपाटाची किल्ली मोनालीकडे असते. तरीही ऊन तापलं की माझ्या अंगातून तंबाखूचा वास येतो.

मित्रांनो, तुमच्याही शाळेतलं कपाट उघडून बघा. आत कुणी बरबटलेलं असेल तर त्याला धुवा. आणि कुणी बरबटवलं, ते मोठ्याने विचारा.