एकतिसाव्या थांब्यावरची तीन मिनिटं

“हा घुमतो, तो गुरगुरतो, आणि हे धूड तर असं, की उचलेपर्यंत पक्षी उडून जायचा,” रोझेअर काउंटरवर वाकून पुटपुटत होता. त्याचं नाक माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं आणि श्वासाला कॉफीचा वास येत होता.

“सकाळपासून हेच चाललंय,” लुडिवीन म्हणाली. “माझ्याशी लग्न करताना एवढी चिकित्सा केली नव्हतीस.”

“केली असती तर वाचलो असतो.”

“मी वाचले असते. घे काहीतरी आता. दीड तास गाडी चालवायचीय मला.”

मित्रांनो, त्या काउंटरवर जे सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त होतं, तो मी. आता जुना झालोय. मी दोन कानांचा माईक आहे, ऐकलेलं पोटात साठवून ठेवणारा. एक कान डावीकडचं ऐकतो, दुसरा उजवीकडचं, त्यामुळे मी टिपलेलं पुन्हा ऐकलं की बेडूक कुठल्या बाजूला बसलाय हेसुद्धा कळतं. माझी मूठ हातात नीट बसते. वारा कानात शिरू नये म्हणून मला एक केसाळ टोपी आहे. ती घातली की मी मांजराच्या पिल्लासारखा दिसतो, असं लुडिवीन म्हणायची. तेव्हा म्हणायची.

आता माझा एक दोष सांगतो. लपवून काय करू? आजूबाजूला काहीच वाजत नसलं, तरी प्रत्येक माईक स्वतःचा एक बारीक आवाज करत असतो. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब टाकावेत तसा, स्स्स. महागड्या माईकचा तो आवाज जवळपास नसतोच. माझा होता. चांगला ठळक होता. रानातलं ऐकायला निघालेल्या माणसानं मला पहिल्या फटक्यात बाजूला सारायला हवं होतं.

रोझेअरनं हेडफोन लावले, डोळे मिटले आणि त्याचा चेहरा उजळला.

“अहाहा! लुडी, हा ऐक. अगदी गप्प आहे. एवढासा पण आवाज नाही!”

दुकानदारानं हेडफोन लावून पाहिले. मग लुडिवीननं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दोघांच्या कानांत मी चांगला चुरचुरत होतो.

“हलका आहे, एवढं खरं,” दुकानदार म्हणाला.

“तुला आवडला ना?” लुडिवीन म्हणाली. “मग झालं.”

अशी माझी निवड झाली, मित्रांनो. माझ्यात नसलेल्या गुणासाठी. आणि त्या दिवसापासून गप्प बसण्याची जी रीत पडली, ती त्या घरात माझ्याइतकीच मुरली.

रोझेअर ड्युबे उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात कानांसाठी प्रसिद्ध होता. चाळीस वर्षं त्यानं लाकूड कापायच्या आरागिरणीत आऱ्यांना, म्हणजे मोठ्या करवतींना, धार लावली. आऱ्याचा एखादा दात बोथट झाला तर तो दाराबाहेरून ओळखायचा. आत न जाता ओरडायचा, “तिसरा आरा उतरवा!” लोक अजून त्याची नक्कल करतात. आऱ्याला धार लावताना आरा आपल्याला काय लावतोय, हे तेव्हा कोणी विचारत नसे. कानात कापसाचा बोळा घालणाऱ्याला गिरणीत हसायचे.

गिरणी सुटल्यावरही कान राहिले, असं तो मानायचा. दर जूनमध्ये एकदा तो पक्षी मोजायचा. पहाट फुटायच्या आधी निघायचं, ठरलेल्या रस्त्यावर पन्नास जागी थांबायचं, प्रत्येक जागी तीन मिनिटं उभं राहायचं आणि जे ऐकू येईल ते मोजायचं. त्या रानात डोळ्यांचा उपयोग नाही, सगळी मदार कानांवर. या मोजणीचा नियम कडक होता. मोजणाऱ्यानं स्वतःच्याच कानांनी ऐकायचं. सोबतच्या माणसानं गाडी चालवावी, सांगेल ते लिहावं, पण ‘तो बघ, तिकडे गातोय’ असं म्हणायचं नाही. बोट दाखवायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. तसं झालं तर त्या वर्षाची गणती बाद. माईकनं काय ऐकलं तेही धरायचं नाही. सोबतचं माणूस म्हणजे लुडिवीन. तिच्या मांडीवर वही, पायाशी रुमालात गुंडाळलेली प्लोय, म्हणजे त्यांच्याकडची बकव्हीटची पातळ धिरडी. आणि रोझेअरच्या हातात मी.

एकतिसावा थांबा गावाच्या दलदलीचा होता. काळ्या पाण्यातून सरळ उभी राहिलेली शेवाळलेली झाडं, आणि त्यांच्या शेंड्यावर काळ्या टोपीचा वटवट्या. पक्षी अंगठ्याएवढा, पण गाणं असं बारीक आणि उंच, की सुई काचेवरून हलकेच ओढावी. त्या पक्ष्यासाठी रोझेअरनं वीस वर्षांपूर्वी गावसभेत भांडून ठराव करून घेतला होता. हा पक्षी इथे गातोय तोवर दलदलीतलं एकही झाड तोडायचं नाही. कोणी हट्टी म्हणू नये म्हणून पुढचं वाक्यही त्यानंच घातलं. लागोपाठ तीन जूनच्या मोजणीत पक्षी ऐकू आला नाही, तर ठराव रद्द करायला गाव मोकळं.

माझ्या पहिल्या जूनमध्ये त्यानं तिथे नऊ मोजले. काय कौतुक झालं माझं! घरी येऊन त्यानं मला मऊ फडक्यानं पुसलं, टोपी विंचरली, खरंच विंचरली, आणि फिलियासला बोलावून सगळं ऐकवलं. फिलियास म्हणजे गावाची बर्फ काढायची गाडी चालवायचा तो, रोझेअरचा शाळेपासूनचा दोस्त.

“पक्षी छान आहेत,” फिलियास म्हणाला. “मागे कोणी भजी तळतंय का?”

“भजी? कसली भजी?”

लुडिवीननं फिलियासच्या पायावर पाय दिला. “अजून एक प्लोय घे,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी सहा. मग चार. मग एक. आधी लांबचे गेले, मग जवळचे. मला मात्र दर वर्षी तितकेच ऐकू येत होते. आठ, नऊ, एकदा तर अकरा. मी ते सगळे टिपले. टिपण्यापलीकडे मला काय येतं?

मग एक जून आला, आणि तीन मिनिटं संपल्यावर रोझेअर म्हणाला, “शून्य.”

लुडिवीनची पेन्सिल थांबली. डोक्यावरच्या फांदीवर पक्षी गात होता, इतका जवळ की त्याचं शेपूट हलताना दिसावं.

“लिही की,” तो म्हणाला.

तिनं लिहिलं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “रोझेअर, एकदा कान दाखवून येऊ या का? सहज. मलाही दाखवायचेत.”

“तुझे दाखव. हे कान आऱ्याचा दात ओळखतात.” मग माझी टोपी उपटून त्यानं मला मागच्या सीटवर टाकलं. “याचंच काहीतरी बिघडलंय. घरी ऐकतो तेव्हाही यात काही नसतं. स्वस्तातलं घेतलं ना.”

त्यानंतर मला कोणी पुसलं नाही. टोपीत काळ्या माश्या मरून सुकल्या. मी हातमोजे आणि गंजक्या कुलपांच्या खणात पडून असायचो आणि जूनपुरता बाहेर यायचो. घरात सगळे नीट वागत होते. ओव्हन वाजला की लुडिवीन म्हणायची, “अरे, झालं वाटतं,” आणि उठायची. फिलियास त्याच्याशी मोठ्यानं, सावकाश बोलायचा आणि विचारलं तर म्हणायचा, “सर्दीनं माझाच घसा बसलाय.” सर्दी जुलैतही असायची. सगळं गाव त्या एका माणसाभोवती चवड्यांवर चालत होतं. दुसरा जून, शून्य. तिसरा जून, शून्य. तिसऱ्या वेळी लुडिवीननं गाडीतून उतरून पाठ फिरवली आणि ती दलदलीवरच्या पुलाचा कठडा धरून उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर गणती बाद झाली असती, शून्य पुसलं गेलं असतं, दलदलीला एक वर्ष मिळालं असतं.

“माश्या फार चावतात इथं,” एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीत शेवटी एक विनंती असते. ती आत्ताच करून टाकतो, कारण शेवटी मला जागा मिळणार नाही. वस्तू पुसून ठेवा, कोरड्या जागी ठेवा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मला त्याचं फारसं काही नाही. धूळ झटकता येते. पण एखाद्याला दुखेल म्हणून त्याच्याशी खोटं बोलत राहाल आणि त्याला माया म्हणाल, तर जरा थांबा. त्या मायेचे पैसे कोण भरतंय ते बघा. आमच्याकडे ते झाडं भरणार होती.

मार्चमध्ये गावसभा भरली, चर्चच्या तळघरात. शिजवलेल्या राजम्याचा वास, ओले बूट, लोखंडी खुर्च्या. विषय दलदलीचा. लाकूड विकलं तर बर्फ काढायची नवी गाडी येणार होती. जुनी गाडी डिसेंबरातच बंद पडली होती आणि फिलियास महिनाभर घरी होता. म्हणजे बघा, वाईट कोणीच नव्हतं तिथं.

रोझेअर इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्यानं मला टेबलावर ठेवलं, दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले.

“ठराव मीच आणला होता,” तो म्हणाला, “मीच मागे घेतो. शब्द म्हणजे शब्द. पण हात वर करण्याआधी तीन मिनिटं ऐका. मागच्या जूनमधली आहेत. माझी एवढीच विनंती आहे. ती जागा किती रिकामी झालीय, ते तुम्हाला कळलं पाहिजे.”

त्यानं बटण दाबलं.

आधी माझा स्स्स आला. मग पाण्याचा एक डुबुक आवाज. आणि मग तो. सुई काचेवरून ओढल्यासारखा, वर चढत, मध्ये दाट होत, पुन्हा विरत. डावीकडून एक. त्याला उजवीकडून उत्तर. मग लांबून आणखी सहा. तळघराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून ते गात होते.

रोझेअर डोळे मिटून उभा होता. “ऐकलंत?” तो हळूच म्हणाला. “काही नाही. काहीसुद्धा नाही.”

एका बाईनं तोंडावर हात ठेवला. फिलियास बुटांकडे बघत होता. सभेचं कामकाज लिहिणारी बर्निस कागद सरळ करत राहिली, सरळ असलेले. वीस-बावीस माणसं, आणि प्रत्येकाचे कान शाबूत. मी वाट पाहत होतो. तीन मिनिटं फार मोठी असतात, मित्रांनो. तेवढ्यात पन्नास पक्षी मोजता येतात.

ती संपली. रोझेअरनं डोळे पुसले.

“घ्या मत,” तो म्हणाला.

“लाकूड विकण्याच्या बाजूनं?” बर्निसनं विचारलं.

पहिला हात रोझेअरनं वर केला. त्याचा हात बघून बाकीचे वर गेले. आधी दोन, मग पाच, मग भराभर. त्याला एकटं पाडायला नको म्हणून. फिलियासनं अर्धाच केला, कोपरापर्यंत. बर्निस मोजू लागली.

लुडिवीनचे दोन्ही हात मांडीवर होते.

“लुडी,” रोझेअर तिच्याकडे वळून हसला, थकलेलं. “कर गं वर. मलाही जड जातंय. पण संपवू या आता.”

लुडिवीन उठली. खुर्ची मागे सरकली, खर्रकन. तेवढं त्याला ऐकू आलं.

“आठ होते,” ती म्हणाली. ती त्याच्याकडेच बघत होती आणि प्रत्येक शब्द ओठांनी नीट कापत होती. “आत्ता, या खोलीत, आठ गात होते रोझेअर. तिन्ही वर्षं गात होते. आम्हा सगळ्यांना ऐकू येतात. तुला येत नाहीत.”