मास्तरांचं नाक

ओव्हनमधून एकूण अकरा भांडी निघाली. दोन कढया, हँडल तुटलेला तवा, एक गंजलेला केकचा साचा आणि बाकी सगळी झाकणं, त्यातल्या निम्म्यांची भांडी घरात नव्हतीच. मास्तरांनी ती टेबलावर ओळीनं मांडली, गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात आत डोकावून पाहिलं आणि जावयाला विचारलं, "चालू आहे का हो हा?"

जावयाला ते माहीत नव्हतं. सात वर्षांपूर्वी लेक-जावयांनी हे घर घेतलं तेव्हा ओव्हन ओट्याखाली बसवलेलाच होता. आधीच्या मालकांनी हौसेनं बसवून घेतला असणार. ह्यांच्याकडे मात्र त्याचं कपाट झालं. लेक हॉस्पिटलात परिचारिका, पाळ्यांमध्ये काम करणारी. जावई दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करत गावभर फिरणारा. घरी भाजायला वेळ कुणाला होता?

मास्तरांकडे वेळच वेळ होता. एकतीस वर्षं त्यांनी एका बेकरीत मोठ्या भट्टीसमोर काढली होती. मालकाच्या मुलांनी जागा विकली आणि बेकरी बंद झाली. पुढच्याच वर्षी बायको गेली. मग लेक म्हणाली, एकट्यानं कशाला राहता, आणि ते एक ट्रंक आणि दोन पिशव्या घेऊन इथे आले. बेकरीतल्या मुख्य कारागिराला मास्तर म्हणायची रीत, आणि त्यांना लोक अजून मास्तरच म्हणत. बेकरीत त्यांच्या नाकाची ख्याती होती. भट्टीचं दार बंद असताना, दहा पावलांवर पीठ मळत उभे असताना, मास्तर मान वर करून म्हणायचे, "मागची रांग झाली." दार उघडून पाहावं तर झालेली असायची.

लेकीच्या घरी ते पाहुण्यासारखे राहत. सकाळी आपलं अंथरूण आपण आवरत, कपबशी विसळून ठेवत. जेवायला काहीही वाढा, "छान झालंय" म्हणत. एकदा आमटीला फोडणीच घालायची राहिली होती, तरी म्हणाले, छान झालंय. लेकीला वाटलं, जावयाच्या घरात राहायचा संकोच. तिला त्याचं वाईटही वाटायचं आणि थोडा रागही यायचा.

म्हणून ओव्हनची गोष्ट त्यांनी स्वतःहून काढली तेव्हा तिला बरं वाटलं.

बटणं तीन होती: एक उष्णतेचं, एक वेळेचं आणि एक चित्रांचं. आधीच्या मालकीणबाईंनी घासून घासून चित्रं पार पुसून टाकली होती. कुठे फिरवलं की वरची कॉइल तापते, कुठे खालची, कुठे पंखा चालू होतो, काही कळायला मार्ग नव्हता. पहिला पाव वरून कोळसा आणि आतून पिठाचा गोळा निघाला. मास्तरांनी तो कापून उलटसुलट पाहिला, आणि भट्टी आपली नसली की असंच व्हायचं, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाव केलाच नाही. रिकाम्या ट्रेवर चिमूट चिमूट मैदा टाकला, चार कोपऱ्यांत आणि मध्ये, आणि दाराच्या काचेसमोर स्टूल ओढून बसले. मागच्या उजव्या कोपऱ्यातला मैदा आधी तांबूस झाला. पुढच्या डाव्यातला शेवटपर्यंत पांढराच राहिला. संध्याकाळी जावई घरी आला तेव्हा मास्तरांनी त्याला ट्रे दाखवला. जावई मोजक्या बोलण्याचा, नाकासमोर पाहून चालणारा माणूस. सासऱ्यांशी काय बोलावं हे त्याला कधीच सुचत नसे. पण मोजमापाची गोष्ट निघाली आणि त्याचा चेहरा बदलला. बॅगेतून त्याने तापमापक आणला. बटण दोनशेवर ठेवलं तर आत एकशे ब्याऐंशी भरलं. दोघांनी मिळून बटणांभोवती पेन्सिलीनं खुणा केल्या, कोणत्या खुणेवर काय तापतं ते कागदावर लिहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. सासरे-जावई एवढा वेळ एकत्र पहिल्यांदाच बसले होते.

मग पाव जमू लागला. खालच्या कप्प्यात गरम पाण्याचं भांडं, अर्ध्या वेळात ट्रे फिरवायचा, शेवटची पाच मिनिटं पंखा. समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाई एक दिवस मासिक परत करायच्या निमित्तानं आल्या आणि अर्धा पाव घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी निमित्तही लागलं नाही. मास्तर पाव करताना घड्याळ मांडीवर घेऊन बसत, दर दोन मिनिटांनी काचेतून बघत, काढल्यावर पावाच्या तळाला बोटानं ठोकून कान लावत. लेक हसून म्हणाली, मास्तर आणि घड्याळ? ते म्हणाले, नवीन भट्टी आहे, ओळख होऊ दे.

दीड महिना असा गेला. मग एका रविवारी लेकीकडे वॉर्डातल्या मैत्रिणी यायच्या होत्या. तिने घाईघाईत ओटा मोकळा केला आणि पिठाचा मोठा प्लास्टिकचा डबा, जुन्या सवयीनं, ओव्हनमध्ये सरकवला. मैत्रिणी आल्या, गेल्या. डबा तिथेच राहिला. सोमवारी दुपारी ती कामावर होती. मास्तरांनी ओव्हन तापत ठेवला. एकतीस वर्षांत भट्टीत कुणी डबा ठेवला नव्हता, त्यामुळे आत बघावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते टेबलाशी, ओव्हनकडे पाठ करून, पीठ मळत उभे राहिले.

जावई तीनच्या सुमाराला घरी आला, तर जिन्यावर शिक्षिकाबाई नाकाला पदर लावून दार ठोठावायला हात उचलत होत्या. जळक्या प्लास्टिकचा वास खालच्या मजल्यापर्यंत उतरला होता. किल्लीनं दार उघडून तो आत धावला. स्वयंपाकघरात छताजवळ निळसर धूर तरंगत होता, आणि मास्तर मान खाली घालून शांतपणे पीठ मळत होते. जावयाला पाहून त्यांनी विचारलं, "आज लवकर आलात?"

जावयाने आधी बटण बंद केलं, मग खिडक्या उघडल्या. डबा वितळून जाळीतून खाली ओघळला होता आणि कॉइलवर चिकटला होता. मास्तर पिठाचे हात तसेच धरून उभे राहिले. ऐकू आलं नाही हो, असं काहीतरी ते म्हणाले. जळण्याचं काय ऐकू येणार? बाई दारातून सगळं पाहत होत्या.

सहा वाजता लेक घरी आली. नवऱ्याने तिला डबा वितळला एवढंच सांगितलं. उरलेलं जिन्यात बाईंनी आधीच सांगितलं होतं. तिने पर्स खाली ठेवली, हात धुतले आणि वडिलांना खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगितलं. आवाज वॉर्डातला होता. त्यांनी मिटले.

तिने कॉफीची बरणी उघडून त्यांच्या नाकाशी धरली.

"कॉफी," मास्तर म्हणाले. ती बरणी उघडताना झाकण टक् करून वाजायचं.

मग तिने दुसरं काहीतरी धरलं. मास्तरांनी लांब श्वास घेतला. बराच वेळ घेतला.

"लवंग असावी."

"डोळे उघडा, बाबा."

तिच्या हातात रिकामा पेला होता.

मास्तरांनी तो घेऊन टेबलावर ठेवला. मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी बेकरीत ओल्या फरशीवर घसरून ते पाठीवर पडले होते, डोकं मागून आपटलं होतं. हे तिलाही ठाऊक होतं, टाके तिनेच काढले होते. अकरा दिवसांनी ते कामावर गेले, भट्टीचं दार उघडलं, आणि काहीच आलं नाही. पाव दिसत होते, वाफ तोंडावर येत होती, वास नव्हता. आधी वाटलं सर्दी असेल. महिना गेला, तरी ती सर्दी हटली नाही.

लेकीने विचारलं, मग पुढची दोन वर्षं भट्टी कशी सांभाळलीत? मोठ्या भट्टीत मागची रांग तर दिसतही नाही. घड्याळावर?

"घड्याळ असतंच. पण पीठ रोज वेगळं, हवा रोज वेगळी." मास्तर म्हणाले. "तुझी आई यायची ना चहा घेऊन."

लेक खाली बसली. आईचे गुडघे गेलेले होते. तरी त्या दोन वर्षांत रोज दुपारी तीनला ती थर्मास घेऊन बेकरीचा चढ चढायची आणि चारची खेप निघेपर्यंत तिथे बाकावर बसायची. लेक तिच्यावर किती वेळा चिडली होती. बेकरीत काय चहा मिळत नाही? म्हातारपणी हे काय लाड? आई म्हणायची, त्यांना माझ्याच हातचा लागतो. थर्मासचं झाकण उघडायच्या निमित्तानं ती भट्टीजवळ उभी राहायची आणि पाव भाजल्याचा वास आला की पदर सारखा करायची. एवढीच खूण. कामगारांना वाटायचं, मास्तरांचं नाक अजून तसंच आहे.

"मला का नाही सांगितलंत? मी रोज हेच काम करते, बाबा. डॉक्टरांना दाखवलं असतं."

"तेव्हा कामाची भीती होती."

"आणि नंतर?"

"नंतर बेकरी गेली. मग तुझी आई गेली." मास्तरांनी पेला उचलून थोडा बाजूला ठेवला. "मास्तर तेवढा राहिला होता. म्हटलं, राहू दे."

लेकीने दुसऱ्याच आठवड्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की इतक्या वर्षांनी परत येण्याची आशा फारशी धरू नका. परतताना मास्तर म्हणाले, चला, चष्मा ठेवायला तरी उपयोग आहे. ती हसली नाही. घरी आल्यावर तिने एकच नियम घातला: घरात दुसरं कुणी नसताना ओव्हन लावायचा नाही. मास्तरांनी मान्य केलं, आणि नंतर घरात माणसं असतानाही लावला नाही. जावयाने एका रविवारी कॉइलवरचं प्लास्टिक खरवडून काढलं, सुरीनं, मग काडीनं, जवळजवळ चार तास खपून. तरी ओव्हन तसाच राहिला. हळूहळू एक कढई आत गेली, मग झाकणं. मास्तर सकाळी फिरायला जात, दुपारी मासिक वाचत, आणि जेवताना छान झालंय म्हणत. आता ते ऐकलं की लेक आपल्या ताटातली भाजी पुन्हा चाखून बघायची.

त्यानंतर एका गुरुवारी जावई दुपारीच घरी आला. लेक संध्याकाळपर्यंत कामावर होती. त्याने ओव्हनमधली भांडी बाहेर काढली, ठेवायला जागा नव्हती म्हणून खुर्च्यांवर ठेवली, आणि वाण्याकडून आणलेली मैद्याची पिशवी टेबलावर ठेवली.

"मला वासातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण मी इथे बसतो."

मास्तरांनी उठून हात धुतले.

पीठ फुगायला तास-दीड तास गेला. पाव आत गेल्यावर जावयाने स्टूल ओव्हनजवळ ओढलं आणि वजनकाट्यासमोर बसावं तसा ताठ बसला. मास्तर त्याच्या मागे उभे राहिले. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, कसला येतोय? ओल्या कागदासारखा, जावई म्हणाला. बरोबर, मास्तर म्हणाले, ते पीठ आहे, अजून कच्चं. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा तो बराच वेळ विचार करून म्हणाला, दूध उतू जायच्या आधी येतो तसा. मास्तरांनी मान हलवली. आता साखर तापतेय, ते म्हणाले, आता पुढे भाजल्या दाण्यांसारखा येईल, तो आला की सांगा. कोणत्या वासानंतर कोणता येतो, हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. बायकोला तर सांगावं लागलंच नाही.

मिनिटं गेली. जावई नाक पुढे करून बसला होता, कपाळावर घाम आला होता.

"दाण्यांसारखा आला का?"

"तसं सांगता येत नाही, बाबा." तो ओशाळला. "पण मला भूक लागली आहे."

मास्तरांनी हातमोजे चढवले आणि दार उघडलं. पाव चहूबाजूंनी सारखा, तांबूस तपकिरी झाला होता. त्यांनी तो उलटा करून तळाला ठोकलं, कान लावला. जाळीवर ठेवल्यावर निवताना वरचा पापुद्रा बारीक तडतडू लागला, आणि दोघंही ते ऐकत उभे राहिले.

अर्ध्या तासाने मास्तरांनी एक काप कापून जावयाला दिला, एक स्वतः घेतला आणि सावकाश चावला. दाताखाली कड कुरकुरली. पुढे नुसता मऊपणा.

"कसा झालाय?"

जावयाने घास गिळला. छान, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं, पण तो थांबला. "थोडा आंबूस वास येतोय," तो म्हणाला.

मास्तरांनी मान डोलावली. उद्या यीस्ट दोन ग्रॅम कमी घालू, असं म्हणून त्यांनी पावाची दुसऱ्या टोकाची जाड कड कापली, आणि लेक संध्याकाळी यायची होती म्हणून ताटलीखाली झाकून ठेवली.