ताईच्या भिंतीवरची ताडपत्री

आर्किटेक्टने आपल्या थोरल्या बहिणीचं घर बांधलं तेव्हा एकच हट्ट धरला होता: लागेल तेवढंच वापरायचं. भिंती पाया खणताना निघालेल्या मातीच्या. गिलावा नाही, रंग नाही. दारं-खिडक्या मोडीत निघालेल्या घरांमधून आणलेल्या. मिस्त्रीने एकदाच तोंड उघडलं, "साहेब, छप्पर हातभर बाहेर काढा. मातीच्या भिंतीला पावसात टोपी लागते."

"टोपीने घर बुटकं दिसेल," आर्किटेक्ट म्हणाला, आणि छप्पर भिंतीलगत कापलं.

घराचं नाव झालं. सहा वर्षांत तो कितीदा तरी विद्यार्थ्यांना घेऊन आला, नेहमी आदल्या दिवशी फोन करून. पोरं भिंतीवरून हात फिरवायची, ताई चहा करायची.

त्या मंगळवारी तो न कळवता आला. पश्चिमेच्या भिंतीवर वाशांना बांधलेली निळी ताडपत्री लोंबत होती. त्याने कोपरा उचलला. भिंत खालून वीतभर झिजून आत गेली होती. बोट लावताच माती सांडली.

"ताई, हे कधीपासून?"

"आलास होय! बस तरी आधी." ती ओशाळली. "पहिल्याच वर्षापासून."

"मग मी येतो तेव्हा?"

"काढते की, आणि खालचं मातीने लिंपते. तुझे भाऊजी होते तोवर ते शिडी धरायचे, आता शेजारीण धरते. हात बसलाय माझा."

"अगं, सांगायचं नाहीस?"

"एवढ्या कौतुकाने दाखवायचास रे. पोरांसमोर तुझं तोंड कशाला पाडू?"

त्याने मिस्त्रीला फोन लावला.

दुपारी मिस्त्री आला. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि हात झटकले. "पहिल्या वर्षी कळतं, तर छपराला चार पत्रे जोडून भागलं असतं. आता पाडावीच लागेल."

"मी पुन्हा बांधतो, ताई. छप्पर तू सांगशील तेवढं बाहेर काढतो."

"बांध ना. चांगलंच होईल. पण मी नाही रे राहायची आता. घराला सांभाळून दमले. लेकीने एक खोली रिकामी केलीय माझ्यासाठी."

"कधी ठरलं हे?"

"झाले दोन महिने. तुला सांगायचं जिवावर आलं होतं."

रविवारी तो सामान हलवायला आला. ताईने त्याला एकही जड खोकं उचलू दिलं नाही. "तुझी पाठ धरेल," ती म्हणाली, आणि उशा तेवढ्या त्याच्या हातात दिल्या.