नुसत्या उभ्या बल्ल्या

मंडप पाहून मला आधी बरंच वाटलं. सोनाळ्याच्या पुढे एका गावात अभ्यासिकेचं बांधकाम चाललं होतं आणि साइट इंजिनिअर म्हणून ते माझ्या अंगावर होतं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. भर लग्नसराईत मंडपवाला मिळाला हेच नशीब, म्हणत मी गाडी लावली आणि खांबांकडे लक्ष गेलं. लाकडी बल्ल्यांच्या टोकांना सिमेंट लागलेलं होतं. मंडपाच्या बल्लीला सिमेंट कशाला लागेल?

मी धावत इमारतीत शिरले. याच आठवड्यात आम्ही स्लॅब टाकला होता. स्लॅब कच्चा असतो तोवर खालच्या बल्ल्यांच्या टेकूवरच उभा असतो, आणि इथे मधली अख्खी ओळ गायब होती. स्लॅबखालच्या साच्याच्या पत्र्यांना पोट आलेलं दिसत होतं. आत झाडझूड करणाऱ्या बायकांना मी हाताला धरून बाहेर काढलं आणि कडूबा मंडपवाल्याला गाठलं.

"माह्या बल्ल्या सगळ्या लग्नाईत गेल्या ना मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "उत्तमभाऊ म्हने, आतल्या घे. तशाबी नुसत्या उभ्याच होत्या."

"तुमचे पायबी नुसते उभेच हाएत. नेऊ का काढून?"

उत्तमराव म्हणजे आमचे ठेकेदार. मी तिथूनच त्यांना फोन लावला आणि मंडप सोडायला लावते, असं सांगितलं.

"मॅडम, तुमी शाळेत होत्या तवापासून मी स्लॅब टाकून राह्यलो. काही होत नाई. मंडपाले हात लावसान तर ही नोकरी गेली समजा."

नोकरी जाणं मला परवडणारं नव्हतं. इंजिनिअर होऊनही बरेच दिवस मी घरी बसले होते, आणि "महामायाले लागली का कुठं?" हा प्रश्न ऐकून आईचे कान किटले होते. पण या छताखाली गावातली पोरंपोरी भरतीचा अभ्यास करायला बसणार होती. मला उत्तमरावांचा असा संताप आला की त्यांचं पुढचं न ऐकताच मी फोन बंद केला.

मी साइटवरच्या गोकुळ मिस्त्रींना म्हटलं, मंडप सोडा. ते जागचे हलले नाहीत. त्यांचंही पोट उत्तमरावांवरच होतं, त्यांना काय बोलणार?

तेवढ्यात उत्तमराव स्वतःच आले. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, उद्याची तयारी आजच. सगळ्या मजुरांसमोर त्यांनी मला झापायला सुरुवात केली. पोरीच्या हाती काम दिलं की असंच होतं, पुस्तकं वाचून इमारती उभ्या राहत नाहीत, वगैरे. मी त्यांना पुरतं बोलू दिलं.

"म्हणजे स्लॅब पक्का हाये?" मी विचारलं.

"एकदम पक्का."

"मंग उद्याचा कार्यक्रम बाहेर उन्हात कशाले? आतच घेऊ. सावली हाये. साहेबांची खुर्ची बरोबर मधात, अन् तुमची तिच्या बाजूले."

उत्तमरावांनी दारातून वर पाहिलं. आत पाऊल मात्र टाकलं नाही.

"आत नको," ते म्हणाले.

"काऊन नको?"

ते दारापासून दोन पावलं मागे सरकले. ते सगळ्यांनीच पाहिलं. गोकुळ मिस्त्री मंडपाकडे गेले आणि त्यांनी पहिली दोरी सोडली. मग बाकीचेही उठले. कडूबा आपलं कापड गोळा करत मला शिव्या देत होता, तो हक्क त्याचा होता.

पहिली बल्ली घेऊन मीच आत गेले. शौर्य वगैरे काही नाही. दुसऱ्या कुणाला आत जा म्हणायला माझी जीभ रेटेना. मिस्त्री मागून आले. कडेने सुरुवात करत आम्ही एकेक बल्ली उभी केली, खाली पाचर ठोकली, आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर मधली ओळ पुन्हा भरली. स्लॅब आणखी खाली आला नाही.

"झालं तुमच्या मनासारखं?" उत्तमराव म्हणाले. "उद्यापासून इकडे फिरकू नका."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मंडप नव्हता, इमारतीसमोर भर उन्हात खुर्च्या मांडल्या होत्या. उत्तमरावांनी हार घातला आणि माइक हातात घेऊन आपल्या पक्क्या कामाबद्दल बोलायला लागले. मी शिडीने स्लॅबवर चढले, पाईप ओढून घेतला आणि नळ सोडला. एवढ्या उन्हात कच्च्या स्लॅबला पाणी मिळालं नाही तर तो तडकतो, आणि आज ते मारायचं कुणाच्या लक्षात नव्हतं.

पाणी कडेवरून खाली गळायला लागलं. साहेबांनी वर पाहिलं, मग सगळ्यांनीच. उत्तमरावांनी माइक बाजूला धरून मला हाताने खूण केली, बंद कर. मी पाईप दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवला आणि सगळा स्लॅब भिजेपर्यंत पाणी मारत राहिले.